कानशीला न जुमानणारी चकती

ओतशाळेच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. महाराजांनी वितळलेल्या अ‍ॅल्युमिनियममध्ये काळसर भस्म सोडलं, सळीने गरागरा ढवळलं आणि साच्यात ओतलं. चकती निवल्यावर मिस्त्रीने स्वतः तिच्यावर कानस चालवली. दहा-बारा हात मारले, तर कानशीचेच दात गुळगुळीत. गर्दीने हात जोडले.

इथली माणसं गोड बोलण्याला भुलणारी नव्हती. पण धातूबद्दल कानस खोटं सांगत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तिथेच ती फसली.

"पोलादाचे दात पडले, तिथे क्षयाची काय मातब्बरी?" महाराज म्हणाले. मात्र चकती गळ्यात असताना औषध घ्यायचं नाही. देवाला तो अविश्वास वाटतो. देव भलताच हळवा होता. शिवाय तो थंड भस्मात उतरत नसे, म्हणून भस्म आधी लालबुंद तापवावं लागे.

मिस्त्रीच्या बायकोच्या क्षयाच्या गोळ्या तीन महिने घेऊन झाल्या होत्या, अजून तीन महिने घ्यायच्या होत्या. खोकला थांबला होता, गोळ्यांनी मळमळायचं. मिस्त्रीनेच डबा माळ्यावर टाकला आणि चकती तिच्या गळ्यात बांधली. "गार लागते हो," एवढंच ती म्हणाली. खोकला उलटला तेव्हा महाराजांनी मोठी चकती दिली. पाच महिन्यांत ती गेली.

महाराज पुन्हा आले, तेव्हा धातुशास्त्र शिकलेली मिस्त्रीची लेक अंगणात उतरली. तिने पॉलिशखात्यातून सिलिकॉन कार्बाइडची काळसर पूड आणली, तापवली आणि सळी बापाच्या हातात दिली. मिस्त्रीने ढवळलं, ओतलं. या चकतीनेही कानस बोथट केली.

लेकीने सगळ्यांना समजावलं. महाराजांचं भस्म म्हणजे अशीच पूड, पोलादाहून कठीण. ती धातूत विरघळत नाही, कण नुसते रुतून बसतात आणि कानस त्यांच्यावर झिजते. गार, ओलसर पूड गुठळ्या होऊन वर तरंगते, म्हणून तापवायची. झीज होणारे भाग कारखान्यांत असेच ओततात.

पोरीच्या अंगात शक्ती आहे, असं महाराज पुटपुटले. लोक हसले. मिस्त्री हसला नाही.

"म्हणजे चकती खरंच कठीण होती?"

"होती, अण्णा. पण तिचा आईच्या छातीशी काय संबंध?"

तो सळी खाली ठेवून वळला. मग गर्दीतल्या क्रेनवाल्यापाशी गेला.

"तुझ्या पोरीच्या गोळ्या कधीपासून बंद आहेत?"

"आठ दिवस झाले."

"चकती काढ तिच्या गळ्यातली. धातूचं कानशीला विचारायचं, आजाराचं डॉक्टरला. मी डॉक्टरला विचारलं नाही रे." त्याने क्रेनवाल्याचा हात धरला. "चल, दवाखाना अजून उघडा असेल. किती दिवस चुकले ते खरं सांग. मी येतो बरोबर."