शून्य ते पाच

डॉक्टरच्या निळ्या पेनाचं टोपण चावून चावून पांढरं पडलेलं... आणि हा दुसऱ्यांच्या लेकरांच्या खोडी मोजणार, करुणाला वाटलं. डॉक्टरपुढच्या कागदावर चौकोन होते, प्रत्येकाला शून्य ते पाच गुण. झटके किती तऱ्हेचे, किती वेळा, किती जोराचे, कामात किती आड येतात.

"मान किती वेळा उडते?"

"लई वेळा."

"दोन झटक्यांच्या मध्ये मोकळा वेळ किती जातो?"

मोकळा वेळ — दोन वर्षांत तो तिला तरी कुठं मिळाला होता... भाकरी थापताना मागं लेकीची, रुपाची, मान उडाली की पाठीला कळायचं, मग घशातला तो हुंकार, मग सासूबाई, "तूच लाडावलं, भोग आता" — आणि शाळेतल्या बाईंनी पोरीला वर्गाबाहेर ओट्यावर बसवलेलं, हा आजार आहे असं डॉक्टरचं लिहून आणा, तरच आत घेऊ. त्या लिहून आणण्यासाठी तर दोघी पहाटे गावाहून, डोंगरकड्याहून, निघालेल्या. आणि नऊ वर्षांची रुपा खुर्चीत अशी बसलेली की पापणीसुद्धा हलेना.

"इथं तर काहीच दिसत नाही," डॉक्टर म्हणाला. "व्हिडिओ काढलाय का घरी?"

नवऱ्यानं काढला होता. कुणी पाहील म्हणून तिनंच पुसला.

"न्हाई."

"रुपा, झटका दाबून धरतेस का गं?"

रुपानं आधी आईकडे पाहिलं. मग म्हणाली, "न्हाई."

पाहुण्यांकडे नेताना बजावतात तसं बसमध्ये बजावलेलं — डागदरासमोर मान हलवायची न्हाई, आवाज काढायचा न्हाई, मग स्टँडवर लाल बांगड्या घेऊ. मीच. माझ्याच तोंडानं. पोरीच्या मुठी मांडीवर आवळलेल्या, चपलेत अंगठे दुमडलेले. बांगड्यांसाठी... की माझ्यासाठी?

पेन शून्यावर टेकलं. शून्य म्हणजे आजारच न्हाई, म्हणजे पोरगी पुन्हा ओट्यावर.

"ताई, तुम्ही सांगा. घरी असंच असतं?"

सांगितलं तर हा विचारील, काहून शिकवलं असं? आणि त्यालाही एखादा चौकोन असेल, आयांसाठीचा. मेल्याचं टोपण.

तिनं सवयीनं रुपाच्या मानेवर हात ठेवला. रोज दाबायचा तोच. कातडीखाली काहीतरी कोंडलेलं धडका देत होतं. उडू दे, माय माझी, एकदाच उडू दे... ज्या झटक्याचा दोन वर्षं दुस्वास केला, त्याचीच आता वाट. हात उचलायला हवा, हे तिला कळत होतं. पण बोटांना दुसरं काही येतच नव्हतं.