खिडकीखालची बादली

गौरवीनं सहाव्यांदा तोच बोर्ड वीजपुरवठ्याला जोडला आणि पडद्याकडे पाहिलं. आकडा बेचाळीसवर क्षणभर टेकला, एकशे दहावर उडाला, परत सत्तावीसवर आला. बंद खोलीत धुळीचं वादळ येऊन गेलं असतं, तर तिला कळलं नसतं का!

खनिजाच्या ट्रकांच्या रस्त्यावर धूळ मोजायची ही यंत्रं पेडण्यातल्या या छोट्या कारखान्यात तयार होत. त्यातली पाच येत्या सोमवारी सुर्ल्याला जायची होती. सोल्डरिंग गौरवीचं, तपासणीही तिचीच. लाटंबार्स्याहून दोन बस बदलून येणाऱ्या या इंटर्नला ठेवून घ्यायचं की नाही, ते कारखान्याचे मालक सगुणसर आज ठरवणार होते.

"तुझाच हात हलला असणार," सर सकाळी म्हणाले होते. "संध्याकाळपर्यंत बघ."

तिनं वायर बदलली, सेन्सर बदलला, एकेक सांधा भिंगाखाली धरला. बसली, उठली, पाणी प्यायली, पुन्हा बसली. नखं कुरतडायची सवय दहावीनंतर सुटली होती, ती आज परत आली. पाचच्या पाच बोर्ड एकाच वेळी कसे बिघडतील?

उठताना वीजपुरवठ्याच्या पत्र्याला कोपर लागलं आणि हाताला विजेच्या झिणझिण्या आल्या. पत्र्यातली वीज जमिनीत उतरतच नव्हती. दोष बोर्डात नव्हताच. काखेत कळसा नि गावाला वळसा!

जाड हिरवी वायर भिंतीतून बाहेर जाऊन खिडकीखाली अर्थिंगच्या खड्ड्यात उतरत होती. गौरवी धावतच मागच्या अंगणात गेली. झाकणाभोवतीची माती तडकली होती, कडेच्या रोजांच्या, म्हणजे झेंडूच्या, काड्या झाल्या होत्या. गेल्या आठवड्यापर्यंत इथं ओतलेल्या पाण्याचा चिखल असायचा. तो चपलांना लागून आत येतो, अशी तक्रार तिनंच केली होती. सरांनी झाडलोट करणाऱ्या यशोदामावशींना सगळ्यांसमोर झापलं होतं, तेव्हापासून पाणी बंद होतं.

मावशी पलीकडे नळाखाली बादली विसळत होत्या.

"मावशी, तुम्ही इथं रोज पाणी का ओतायचात?"

"वायरमनान सांगिल्लें. उन्हाळ्यांत दिसाक एक बादली घाल, ना जाल्यार मशीनां पिशीं जातलीं, कशींय वागतलीं."

"मग त्या दिवशी सांगितलं का नाही?"

"कोणें विचारलें, बाय?"

मावशींच्या आवाजात राग नव्हता, म्हणून गौरवीला जास्तच लाज वाटली. तिनं त्यांच्या हातातली बादली घेतली आणि भरून खड्ड्यात रिकामी केली. मग दुसरी. मातीनं घटाघटा पाणी ओढलं.

ती आत आली तेव्हा पडद्यावर एकतीस होते. एकतीस. बत्तीस. एकतीस.

सगुणसर खुर्चीमागे येऊन बराच वेळ आकडे पाहत राहिले.

"काय होतं?"

"अर्थिंग, सर. जमीन सुकली होती."

"शाबास! आणि मी तुझ्या सोल्डरिंगला नावं ठेवत होतो. अशीच माणसं पाहिजेत मला." त्यांनी खिशातून पेन काढून दोषाचा फॉर्म तिच्यापुढे सरकवला. "पण एकाएकी कशी सुकली? इतके उन्हाळे गेले, कधी असं झालं नव्हतं."

खिडकीबाहेर बादलीची कडी वाजली. गौरवीनं पेन टेबलावर ठेवलं.

"मी सुकवली, सर."