पासधारक आणि सोबतीला एक

दुपारी अडीचच्या सुमाराला शेजारच्या काकूंचा फोन आला, तेव्हा थोरली चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत एक भिंग चौकटीत बसवत होती. काकू आधी इकडचं तिकडचं बोलल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या की तुमच्या दाराला नुसती कडी घातलेली आहे, कुलूप नाही, आणि आत केव्हाचा फोन वाजतोय. थोरलीने भिंग कापडावर ठेवलं, मालकांना दोन शब्दांत सांगितलं आणि अंगावरचा कामाचा कोटही न काढता बाहेर पडली.

घरात बाबा नव्हते. जेवण झाकून ठेवलेलं तसंच होतं. फोन उशीशी पडला होता आणि त्यावर धाकट्या भावाचे चार फोन येऊन गेले होते. गोळ्यांच्या डबीतला सकाळचा कप्पा रिकामा, दुपारचा भरलेला. बाबांच्या हृदयात दोन वर्षांपूर्वी जाळी बसवली होती. दुपारची गोळी चुकली की त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी येते, हे थोरलीने दोनदा पाहिलं होतं. चपला नव्हत्या, छत्री नव्हती, आणि दाराशेजारच्या खिळ्याला टांगलेला बसचा पासही नव्हता.

ती तिथल्या तिथे खुर्चीत बसली. आदल्या संध्याकाळी तिने स्वयंपाकघरातून भावाला फोन केला होता. बाबांचा डोळा लागलाय असं समजून ती बोलत गेली. आई गेल्यापासून मी एकटीच हे गाडं ओढतेय, आता माझ्याच्याने होत नाही, महिनाअखेर तू येऊन त्यांना घेऊन जा, असं ती म्हणाली होती. भावाने बरं म्हटलं. दोघांनी मिळून तारीखसुद्धा ठरवली. ज्याला न्यायचं त्याला विचारावं, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. सकाळी बाबांनी न बोलता चहा घेतला आणि आपली कपबशी आपणच विसळून ठेवली. उभ्या जन्मात त्यांनी कपबशी विसळली नव्हती. तेव्हा तिला ते नुसतं सोयीचं वाटलं होतं.

आता मात्र तिने उठून ती कपबशी हातात घेऊन पाहिली.

बाबा एकतीस वर्षं बसवर कंडक्टर होते. निवृत्तांना मिळणारा फुकट प्रवासाचा पास त्यांच्याकडे होता आणि गेल्या वर्षापासून त्या पासावर नवी सवलत सुरू झाली होती. शहरातली मोठी बाग, मत्स्यालय, संग्रहालय आणि मनोरा, या चारही ठिकाणी पासधारकाला आणि त्याच्या सोबतीच्या एका माणसाला अर्धं तिकीट. थोरली वर्षभर त्यांच्या मागे लागली होती की जाऊन या, पाय मोकळे होतील. ते म्हणायचे, मी काय या गावात पाहुणा आलोय? सवलतीचं पत्रक टेबलाच्या खणात पडून असायचं. तिने खण उघडला. पत्रक नव्हतं.

तेवढा एक धागा हाती लागला. पास जिथे जिथे यंत्रावर टेकवतात तिथे तिथे नोंद होते, हे तिला रोजच्या प्रवासामुळे माहीत होतं. दुपारची गोळी रुमालात बांधून तिने बसचं आगार गाठलं.

पासाच्या खिडकीमागे बसलेल्या मुलीने तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि तितक्याच शांतपणे नकार दिला. दुसऱ्याच्या पासाची माहिती देता येत नाही, पोलिसांचं पत्र आणा. थोरलीने पुन्हा सांगितलं, मग विनवलं, मग तिचा आवाज चढला. तो ऐकून मागच्या टेबलावरचे वयस्क साहेब उठून आले. त्यांनी पासावरचं नाव विचारलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

"म्हणजे आमचे 'पुढे सरका'? तुम्ही त्यांच्या कन्या?"

आगारात बाबांना त्याच नावाने ओळखत. बस भरलेली असो की रिकामी, माणूस चढला की ते आधी पुढे सरका म्हणायचे आणि मग तिकीट विचारायचे. साहेबांनी मुलीला चहाला पाठवलं, तिच्या खुर्चीत स्वतः बसले आणि पडद्यावरच्या ओळी हळू आवाजात वाचून दाखवल्या. सव्वानऊला बस. दहाला बाग, दोन माणसं. साडेअकराला मत्स्यालय, दोन माणसं. सव्वाला संग्रहालय, दोन माणसं. त्यानंतर काही नाही.

"दोन?" थोरलीने विचारलं.

"तिन्हीकडे दोन."

बाबांना सोबत करील असं या शहरात कुणी उरलेलं नव्हतं. जुने सोबती एक तर गेले होते, नाहीतर अंथरुणाला खिळले होते. एकट्या म्हाताऱ्याला गोड बोलून फिरवणाऱ्या आणि शेवटी कागदावर सही घेणाऱ्या लोकांच्या गोष्टी तिने दुकानात गिऱ्हाइकांकडून ऐकल्या होत्या. संग्रहालयापर्यंतच्या पंधरा मिनिटांत त्या सगळ्या तिला आठवल्या.

संग्रहालयाच्या तिकीटवाल्या बाईंना बाबा चांगलेच लक्षात होते. त्या म्हणाल्या की आजोबा एका कॉलेजच्या मुलीला घेऊन आत गेले. मुलगी एकटीच दारात उभी राहून तिकिटाची पाटी वाचत होती. आजोबांनी तिला विचारलं, एकटीच आहेस ना, मग माझ्या पासावर एक जागा रिकामी जातेय, चल. मत्स्यालयात त्यांनी कुबडी घेतलेल्या एका गृहस्थाला असंच नेलं होतं आणि बागेत एका लेकुरवाळीला, हेही त्यांनीच हसत हसत बाईंना सांगितलं होतं. रिकामी जागा पाहून मला चैन पडत नाही, जुनी खोड आहे, असं म्हणाले म्हणे.

थोरलीच्या छातीवरचा दगड उतरला. पण बाईंचं बोलणं संपलं नव्हतं. खिडकीखाली हात घालून त्यांनी एक काळी छत्री वर काढली.

"जाताना मला देऊन गेले. मी नको नको म्हणत होते. म्हणाले, ठेवा, मला आता लागणार नाही."

छत्रीच्या मुठीला आईने गुंडाळलेला निळा दोरा होता. थोरलीने विचारलं, आणखी काय म्हणाले? बाई जरा आठवून म्हणाल्या की मनोऱ्याला पायऱ्या किती आणि तो बंद किती वाजता होतो, एवढं विचारलं. वरच्या गच्चीला कठडा केवढा आहे, हेही विचारलं.

थोरलीने छत्री घेतली नाही. ती रस्त्याला लागली तेव्हा साडेचार होत आले होते. संग्रहालयापासून मनोरा दोन थांब्यांवर. बस येताना दिसत नव्हती म्हणून ती चालत निघाली आणि पहिल्या वळणानंतर पळायलाच लागली. कामाचा कोट घातलेली, चाळिशी उलटलेली बाई भर रस्त्यात धावतेय म्हणून लोक वळून पाहत होते. मनातला विचार शब्दात येऊ नये म्हणून ती नुसती पाट्या वाचत होती. औषधं. पादत्राणं. शिवणयंत्र दुरुस्ती. पण मध्येच तो शब्द यायचाच. कठडा.

मनोऱ्याच्या दारातला रखवालदार साखळी लावत होता. शेवटचा प्रवेश साडेचारचा, आता पावणेपाच, उद्या या, असं त्याने मान वर न करता सांगितलं. तिने वडिलांचं विचारलं. त्याने यंत्रावर पाहिलं. निवृत्त कर्मचाऱ्यांच्या पासावर तीन पन्नासला एक माणूस वर गेला होता.

"दोन नाही?"

"एकच. खाली आलेलं काही मला आठवत नाही. पण मी मध्ये चहाला गेलो होतो."

ती म्हणाली, मला वर जाऊ द्या. तो म्हणाला की एकदा साखळी लागली की तिकीट फाडता येत नाही. तिकिटाचे पैसे यातून कापा म्हणत तिने पर्समधून आपला रोजचा पास काढून त्याच्यासमोर धरला. त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि साखळी सोडली. पास नंतर टेकवा म्हणाला.

पायऱ्या दोनशे ऐंशी होत्या, दगडी, गोल वळत जाणाऱ्या, एका अंगाला भिंत आणि दुसऱ्या अंगाला लोखंडी दांडा. शंभराच्या आसपास तिच्या पोटऱ्या भरून आल्या. वरून उतरणारं एक जोडपं भेटलं. तिने म्हाताऱ्या माणसाचं विचारताच दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाई म्हणाली की हो, वर एक आजोबा आहेत, कठड्याशी उभे. आम्ही हाक मारली, पण ते वळले नाहीत. आम्हाला वाटलं, त्यांना एकटं राहायचं असेल.

उरलेल्या पायऱ्या तिने कशा चढल्या, ते तिला पुढे कधी सांगता आलं नाही.

गच्चीवर वारा होता. कठडा छातीइतका उंच. बाबा पाठमोरे उभे होते, दोन्ही हातांनी कठडा धरून, मान पुढे झुकवून. आणखी कुणी नव्हतं. हाक मारावी तर दचकतील, धावावं तर घाई करतील. थोरलीने चपला काढल्या आणि अनवाणी, एकेक पाऊल मोजून ती त्यांच्या बाजूला गेली. हाताच्या अंतरावर आल्यावर तिने त्यांच्या सदऱ्याची पाठ मुठीत धरली. घट्ट.

"बाबा."

ते वळले नाहीत. डोळे मिटलेले होते आणि कपाळावर घामाचे थेंब.

"पोरी," ते ओठ न हलवता म्हणाले, "माझे हात सुटत नाहीत."

तिला आधी कळेना. मग तिने त्यांच्या बोटांकडे पाहिलं. ती दगडाला अशी चिकटली होती की नखं पांढरीफटक पडली होती. बाबांनी वर येऊन एकदा खाली पाहिलं होतं आणि त्या क्षणापासून त्यांना जागचं हलता येत नव्हतं. उडी मारायला ते कठड्याशी गेले नव्हते. पडू नये म्हणून तासभर त्याला धरून उभे होते.

थोरली हसली नाही आणि रडलीही नाही. तिने त्यांना तिथेच हळूहळू खाली बसवलं, एकेक बोट सोडवत. करंगळीपासून सुरुवात केली. भिंतीला पाठ टेकल्यावर रुमालातली गोळी त्यांच्या तोंडात घातली. पाणी नव्हतं. त्यांनी ती कोरडीच गिळली. श्वास जाग्यावर यायला दहा मिनिटं लागली. मग ते आपणहून बोलायला लागले. एकतीस वर्षं इथून बस नेली, म्हणाले, आणि प्रत्येक फेरीला ओरडलो, मनोरा, मनोरा, वरून सगळं शहर दिसतं. कधी वर आलो नाही. उंचीची भीती वाटते हे तुझ्या आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. म्हणून या वेळी सोबतीला कुणाला घेतलं नाही. परक्या माणसापुढे फजिती नको.

"छत्री का दिलीत त्या बाईंना?"

"धाकट्याच्या गावी पाऊस पडतो कुठे? वर्षातून दोनदा. उगाच ओझं."

तर त्यांनी ऐकलं होतं. थोरलीने मान खाली घातली. मग तिने चपला पायात घातल्या आणि त्यांना पायऱ्यांपाशी नेलं. उतरायचं काम चढण्याहून अवघड होतं. बाबांना खालची पोकळी दिसू नये म्हणून तिने त्यांना भिंतीकडे तोंड करून उलटं उतरवलं. ती स्वतः दोन पायऱ्या खाली, त्यांच्या टाचा हाताने धरून एकेक पाय पायरीवर टेकवत. मध्ये दोनदा दोघं दम घ्यायला थांबली. तिसऱ्यांदा थांबल्यावर तीच म्हणाली,

"मी म्हणाले ते खोटं नव्हतं. खरंच दमलेय मी. पण तुम्हाला न विचारता ठरवलं, ते चुकलं."

बाबा भिंतीकडे पाहत होते.

"दमलीस हे मला दिसत होतं," ते म्हणाले. "मला वाटायचं, मी बोललो तर तू रडशील. म्हणून बोललो नाही. तूही बोलली नाहीस. दोघंही शहाणी."

"मग जायचंय तुम्हाला?"

"ते मला कुणी विचारलंच नाही ना. आज एकेक ठिकाण बघत होतो ते रुसून नव्हे. जायचंच असेल तर गाव बघून जावं म्हटलं. आणि बघता बघता वाटलं, हे तर मला काहीच माहीत नव्हतं. मत्स्यालयात एक मासा आहे, तो उताणाच पोहतो." मग थोडं थांबून म्हणाले, "पुढे सरक, पाय अवघडला."

खाली रखवालदार वाट पाहत उभा होता. त्याने बाबांना आपलं स्टूल दिलं, पाणी दिलं आणि थोरलीकडून पास मागून घेऊन यंत्रावर टेकवला. नियम म्हणजे नियम. वर गेलेली दोघं, उतरलेली दोघं, एवढं बोलून तो दार ओढून घ्यायला गेला.

तेवढ्यात थोरलीचा फोन वाजला. धाकटा होता. बाबा फोन उचलत नाहीत म्हणून सकाळपासून तो काळजीत होता, आणि तिकिटं काढायची तर आजच काढायला हवीत असंही म्हणत होता. तिने काय झालं ते सांगितलं नाही. सापडलेत, बरे आहेत, एवढंच म्हणाली. मग तो विचारायला लागला की ताई, काय करायचं, येऊ की नको, तू म्हणशील तसं.

"मला विचारू नकोस," थोरली म्हणाली आणि तिने फोन बाबांच्या हातात दिला.

बाबांनी तो कानाला लावला. गच्चीवर दगड धरून धरून त्यांची बोटं अजून वाकडीच होती. स्टुलावर नीट बसून त्यांनी घसा खाकरला.

"हं, बोल," ते म्हणाले. "पण आधी माझं ऐकून घे."