मुलाकडच्यांचं उत्तर

लाटव्हियाचं गाणं दिशाने पुन्हा लावलं, तेव्हा खाटेवर पडलेले आजोबा म्हणाले, "अगो, ह्या बायका कोणाशी भांडतायत?"

दिशा फिजिक्समध्ये एमएस्सी झालेली. देशोदेशींची गाणी जिथे उतरतात, त्या एका स्पर्धेचं परीक्षण ती दरवर्षी एका वेबसाइटसाठी लिहायची. लाटव्हियाने यंदा जुनं लोकगीत घेऊन त्याला ढोलाचे आणि सिंथेसायझरचे ठोके जोडले होते. गुण देण्याआधी गाण्याचं मूळ शोधायचंच, हा तिचा नेम.

"तिकडे लग्नात गाण्यातून भांडतात, आजोबा. मुलीकडच्या बायका मुलाकडच्यांची खिल्ली उडवतात. तुमचा नवरदेव खादाड, तुमचा घोडा लंगडा, असं. मग मुलाकडचे उठून गाण्यातच उत्तर देतात."

आजोबा उठून बसले. "म्हणजे आपला शक्ती-तुराच की! मग? काय उत्तर दिलानी?"

"उत्तर नाहीये. स्पर्धेत तीनच मिनिटं मिळतात. म्हणून फक्त मुलीकडचं गायलं."

"हॅ! अर्धीच बारी," असं म्हणून आजोबांनी भिंतीकडे तोंड केलं.

शक्ती-तुरा म्हणजे कोकणातला शाहिरांच्या गाण्यांचा सामना, आणि असा एक सामना म्हणजे बारी. घाटकोपरचे आजोबा, दत्ताराम शाहीर, शक्तीवाले, मुलुंडचे राजाराम शाहीर तुरेवाले. दोघे एकाच गिरणीतले. लहानपणी दिशा आईच्या मांडीवर बसून त्यांच्या बाऱ्या बघायची. मधे शाहीर, भोवती घुंगरू बांधून फिरणारी पोरं, मृदंगाचा आवाज थेट पोटात जायचा. आजोबा गाण्यातून सवाल टाकायचे, राजाराम जवाब द्यायचे, वर एकमेकांची अशी अब्रू काढायचे की दिशाला ते खरेच वैरी वाटत. एकदा राजारामांनी दिलेलं चॉकलेट तिने फेकून दिलं होतं. आणि मध्यंतरात बघते तर दोघे एकाच कागदातली कांदाभजी खात उभे!

शेवटच्या बारीत आजोबांनी सवाल टाकला : द्रौपदीने अक्षय थाळी धुऊन ठेवली होती, तरी कृष्णाला तिच्यात काय सापडलं? राजाराम उठले, तोंड उघडलं, पण शब्द आला नाही. शक्तीवाल्यांनी शिट्ट्या मारल्या, ढाल आजोबांना मिळाली. तो अर्धांगवायूचा झटका होता, हे सकाळी कळलं. त्यानंतर आजोबा गायले नाहीत, आणि मुलुंडलाही गेले नाहीत.

दिशाने टाइप केलं : 'दहापैकी सहा. उरलेले चार मुलाकडच्यांचे. ते आले की देऊ.' मग लॅपटॉप मिटून ती म्हणाली, "चला, मुलुंडला जाऊ."

"कुठल्या तोंडानं? त्याला बोलता येत नाय. मी समोर बसलो की त्याला सवालच आठवेल."

"मला परीक्षणासाठी तुरेवाल्याचं मत पाहिजे. घाबरलात का?"

"मी? त्या राजारामाला?" आजोबांनी टोपी शोधायला घेतली.

राजाराम खुर्चीत होते, उजवा हात मांडीवर निपचित. शेजारी त्यांची सून माधुरी मेथी निवडत बसली होती. दोघा म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि दोघांनीही नजर वळवली. दिशाने घाईघाईने मोबाइलवर गाणं लावलं. राजारामांच्या डाव्या हाताचं बोट खुर्चीच्या हातावर ठेका धरू लागलं. गाणं थांबलं, तशा त्यांनी भुवया उंचावल्या.

"पुढे काय, विचारतायत," माधुरी म्हणाली.

"पुढं काय नाय. जवाब कापलानी," आजोबा म्हणाले. मग खाकरले आणि गाऊ लागले.

दिशा बघतच राहिली. ती चाल तुरेवाल्यांची होती. घरात कोणी गुणगुणली तरी आजोबा ओरडायचे. ते स्वतःच्याच सवालाला राजारामांच्या वतीने जवाब देत होते :

"द्रौपदीच्या थाळीमंदी, भाताचं गं एक शीत..."

राजारामांचा चेहरा लाल झाला. त्यांनी जोरात मान हलवली, खुर्चीवर हात आपटला. तोंडातून नुसतेच आवाज निघत होते.

"बाबा, शांत व्हा ना!" माधुरी घाबरली.

त्यांनी वाकून सुपातलं मेथीचं एक पान उचललं आणि आजोबांच्या तळहातावर थाडकन मारलं.

आजोबा पानाकडे बघत राहिले. "पान? भाजीचं पान?"

राजारामांनी छाती पुढे काढली.

"खोटं! शीत होतं!"

राजारामांनी मूठभर मेथी उचलली.

"अहो, माझी भाजी!" माधुरी ओरडली आणि हसायला लागली. आजोबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तोंडाने मात्र भांडण चालूच होतं, "शाहीर म्हणे! कोणी शिकवलान तुला? आं?"

शीत की पान, खरं काय ते बघावं म्हणून दिशाने हळूच मोबाइल हातात घेतला.

"ए, ठेव तो!" आजोबा खेकसले. "बारी चालू हाय."