कामरेजच्या वाटेवरचा गूळ

माझी बायको धुरपदा गेली त्याला पाच महिने झाले. सुरतेतल्या बमरोलीची ही खोली तिच्यामुळे मिळाली. ती गोष्ट लिहून ठेवतो.

१९६८ साली आम्ही लिंबायतला भावाच्या खोलीत राहत होतो. मध्ये लुगड्याचा पडदा. आमच्या मिलच्या शेठने सायकलची शर्यत ठेवली, बमरोली ते कामरेज आणि परत. पहिला येईल त्याला कामगारांच्या चाळीत खोली. दर वर्षी एक.

गावच्या तालमीत मी तूप पिऊन कुस्त्या मारल्या होत्या. म्हणून त्या सकाळी भाकरीला हात लावला नाही, वाटीभर तूप प्यालो. कामरेजहून परतताना पाय गळाले, डोळ्यांपुढे अंधारी आली. सायकल ढकलत पोचलो तेव्हा लोक घरी निघाले होते.

धुरपदा चुलीपाशी बसली होती.

"चूल पेटाडाले काय टाकतस?" तिने विचारलं.

"तुरकाठी."

"आणि बाभूयनं लाकूड?"

"ते मांगून. सावकाश जळस."

"मंग पोटमा पहिले तूपनं लाकूडच कसं कोंबं?"

पुढच्या वर्षी शर्यतीच्या आदल्या दिवशी तिने दोन्ही वेळा भात वाढला. सकाळी गूळभाकरी दिली. बंडीच्या खिशात गुळाचे दोन खडे घातले आणि पाय थकायच्या आधी खायचे, असं बजावलं.

एक खडा कामरेजला वळताना खाल्ला. मी आणि माझ्या खात्यातला हिलाल पुढे होतो. वराछाजवळ हिलाल सायकल टाकून खाली बसला. अंग घामाने थंडगार.

"काय खाल्लंस?"

"तूप."

मागून दोघे येताना दिसत होते. उरलेला खडा मला लागणार होता. खोली डोळ्यांपुढे आली, पडदाही आला. तरी उतरलो, खडा त्याच्या हातावर ठेवला आणि निघालो.

शेवटच्या मैलाला पाय शिशासारखे झाले. मागच्या सायकलपेक्षा हातभर आधी पोचलो. हिलाल चौथा आला, पण सायकलवर बसून.

धुरपदाला सगळं सांगितलं.

"खडा दिना, बरं करं," ती म्हणाली. "खोली एकलीच शे, गूळ तं डबाभर शे."

पुढच्या वर्षी हिलाल पहिला आला. त्याला शेजारचीच खोली मिळाली. आता त्याची बायको कलाबाई रोज मला भाकरी पाठवते. वर गुळाचा खडा असतो. मी तो आधी खातो.