सिनेमात न सापडलेला बगळा

सिनेमा संपला, टाळ्या वाजल्या, दिवे लागले. पण पुस्तकं शिवणाऱ्या बायंडरच्या हातांची घडी काही सुटली नाही. एक खुर्ची सोडून त्याची बायको. ती शहर बस चालवते आणि भांडखोर प्रवाशालाही चार शब्दांत गप्प करते. आज तीही बस चुकल्यासारखी रिकाम्या पडद्याकडे बघत बसली होती.

"अस्वल बारीक केलंय," ती शेवटी म्हणाली. "कंबर आहे त्याला. अस्वलाला कंबर!"

"कंबरेचं सोड. बगळा कुठाय?"

दोघांच्या मध्ये त्यांची मुलगी बसली होती. आठ वर्षांची ही पोर एका जागी म्हणून ठरत नसे, म्हणून घरात तिला फिरकी म्हणत. आज फिरकी खुर्चीत रुतून बसली होती, आणि ते लक्षण चांगलं नव्हतं.

सिनेमा ज्यावर काढला ते 'अस्वलाचं टपाल' हे पुस्तक फिरकीला कळायला लागल्यापासून त्या घरात रोज संध्याकाळी, जेवणाआधी अर्धा तास वाचलं जाई. गोष्ट साधी. टपाल वाटणारं एक जाडजूड अस्वल डोंगरापलीकडच्या आजीला पत्र द्यायला निघतं. वाटेत दाट धुकं पडतं, पुढचं पाऊल दिसेनासं होतं. तिथे एक म्हातारा बगळा उभा असतो, एका पायावर, दुसऱ्या पायात कंदील धरून. तो म्हणतो, "मी दिवा धरतो, तू चाल. पोचलास की हाक मार."

बायंडरचा कारखाना घराच्या खाली तळघरात होता आणि दिव्याचं बटण नेमकं जिन्याच्या तळाशी. त्यामुळे खाली जायचं म्हणजे अंधारातून जायचं. फिरकी निघाली की बायंडर वरून टॉर्च धरी आणि म्हणे, "मी दिवा धरतो, तू चाल." खालून आवाज येई, "पोचलेऽऽ!" तोवर टॉर्च हलत नसे.

आणि सिनेमात बगळाच नाही! त्याच्या जागी एक झुलता पूल. त्यावरून अस्वल डोळे मिटून चालतंय आणि खाली बेडकांचा ताफा गातोय.

"बाबा," बसस्टॉपवर फिरकी म्हणाली, "सगळी माणसं सिनेमा बघतात ना?"

"बघतात."

"आणि त्यांना बगळा माहीतच नाही. म्हणजे तो खोटा असणार."

घरी आल्यावर तिने पुस्तक कपाटावर ठेवलं, उंचावर, जिथे हिवाळी पांघरुणं असतात तिथे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बायंडर टेबलाशी येऊन बसला, तर ती म्हणाली, "आज नको." तिसऱ्या दिवशीही नको. चौथ्या दिवशी कारखान्यातून कात्री आणायला ती टॉर्चशिवायच गेली, भिंतीला हात लावत लावत, आणि खालून हाक आली नाही. बायंडर वर टॉर्च घेऊन नुसताच उभा राहिला. सिनेमा पडला असता तरी त्याला चाललं असतं; पण तो अर्धा तास आणि ती हाक हातची गेली, हे काही त्याच्या घशाखाली उतरेना.

"पत्र लिही त्यांना," बायको भांडी विसळता विसळता म्हणाली. "सिनेमावाल्यांना. मी सांगते, तू लिही. 'महोदय, आपण गोष्टीचा गाभाच काढून टाकलात आणि मनाचे बेडूक घातलेत.' लिहिलंस?"

"लिहिलं."

"'शिवाय कंबर.' आता बगळा कितव्या पानावर आहे ते टाक. पुराव्याशिवाय कोण ऐकतंय?"

बायंडरने पुस्तक खाली काढलं. पानांवर आकडे नव्हते. त्यानेच बांधलेलं पुस्तक. कडा कापताना आकडे उडाले होते. फिरकी जन्मली त्या आठवड्यात वाचनालयातल्या ग्रंथपाल बाईंनी सुटी झालेली पानं भेट म्हणून दिली होती आणि त्याने पेंगत पेंगतच ती शिवली होती.

शनिवारी सकाळी बायकोची बसवर ड्यूटी होती. पानाचा आकडा बघायला बायंडर फिरकीला घेऊन वाचनालयात गेला. सिनेमामुळे पुस्तकाची नवी प्रत आलीच होती. त्याने ती उघडली, धुक्यापर्यंत आला, पान उलटलं.

झुलता पूल. आणि खाली बेडूक. चांगली दोन पानं गात होते.

त्याने मागे-पुढे तीनदा चाळलं. बगळ्याचं पीससुद्धा नव्हतं. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"काय झालं?" ग्रंथपाल बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

त्याने आपली प्रत पुढे केली. बाईंनी बगळ्याचं पान पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. "अहो, हा तर 'अस्वल आणि समुद्र'मधला! मालिकेतलं दुसरं पुस्तक. थांबा जरा."

त्या आतून एक जुनं पुस्तक घेऊन आल्या. हिरव्या दोऱ्याची शिवण लांबूनच त्याने ओळखली. स्वतःचा हात माणूस विसरत नाही.

"यात अस्वल किनाऱ्यावर धुक्यात सापडतं," बाई म्हणाल्या, "आणि पान उलटलं की एकदम डोंगरातल्या पुलावर! आठ वर्षं मुलं मला विचारतायत, बाई, अस्वल तिकडे कसं गेलं? मी सांगत आले की त्याला स्वप्न पडलं."

पुस्तक एकेका पानाने बनत नाही. एका मोठ्या कागदावर सोळा पानं छापतात, तो कागद घड्या घालून त्याचा गठ्ठा करतात. त्याला फर्मा म्हणतात. असे फर्मे एकावर एक रचून शिवले की पुस्तक होतं. दोन्ही पुस्तकं एकाच आकाराची, अस्वल तेच, आणि त्या आठवड्यात दोन्ही शिवायला त्याच्या एकाच टेबलावर. एक फर्मा इकडचा तिकडे गेला होता.

"म्हणजे चूक सिनेमावाल्यांची नाही," बायंडर फिरकीकडे न बघता म्हणाला. "माझी आहे."

फिरकीने दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी ठेवली. "बगळा खरा आहे?"

"खरा. पण दुसऱ्या गोष्टीतला. मी झोपेत आपल्याकडे आणला."

"अय्या! मग त्यांना कसा माहीत असणार!" तिच्या कपाळावरची पाच दिवसांची आठी गेली. आणि लगेच दुसरी आली. "बाबा, म्हणजे इथल्या मुलांना बगळा मिळालाच नाही? आठ वर्षं?"

बाई म्हणाल्या, "बायंडरसाहेब, तुमची प्रत राहू दे तशीच. माझं स्वप्नाचं उत्तर आता पाठ झालंय."

बायंडरला ते फार आवडलं असतं. त्याने मुलीकडे पाहिलं. ती बगळ्याच्या पानावर हात ठेवून उभी होती.

"देऊ या," ती म्हणाली. "मला पाठ आहे."

दुपारभर दोघं कारखान्यात होती. त्याने हिरवा दोरा कापला, फर्मे सुटे केले. बगळा तिने स्वतः उचलून दुसऱ्या पुस्तकात ठेवला आणि बेडूक आपल्या पुस्तकात घेतले. "गाणारे आहेत, पण चालतील," ती म्हणाली. मग त्याने शिवलं, तिने खळ लावली, टेबलाला आणि कोपरालाही. या वेळी त्याने प्रत्येक फर्मा दोनदा तपासला.

संध्याकाळी दोन्ही पुस्तकं आणि खळीचं भांडं घेऊन तो वर निघाला. हात भरलेले. फिरकीने तळाचा दिवा बंद केला, तसा तो पहिल्याच पायरीवर अडखळला.

मागून टॉर्च लागला.

"मी दिवा धरते, बाबा, तू चाल. पोचलास की हाक मार."

तो एकेक पायरी चढला. "पोचलोऽऽ!" तो ओरडला, जरा जास्तच मोठ्याने.

नुकतीच कामावरून आलेली बायको स्वयंपाकघरात पत्र हातात घेऊन बसली होती. सगळी हकिकत ऐकून ती पोट धरून हसली. मग तिने पेन उचललं आणि गाभ्याची नि बेडकांची ओळ खोडली. बगळ्याच्या पानासाठी सोडलेली जागाही खोडली.

"चल, मग फाडून टाकू," बायंडर म्हणाला.

"का म्हणून? कंबर कुठल्या फर्म्यात आहे ते दाखव आधी," ती म्हणाली आणि पाकिटाला डिंक लावू लागली.