सविस्तर कळवावे

काळा स्पंज, लिंबाएवढा, एका बाजूने पोकळ—डबा काढायला पिशवीत हात घातला तर आधी हाच लागला. बुद्धभूषणने तो कीबोर्डशेजारी ठेवला आणि बोटाने दाबला. दबला, सोडल्यावर पुन्हा फुगला, आपल्याला कुणी काही म्हणालंच नाही अशा थाटात. पिशवी आपली, डबाही आपला, पण सकाळी कल्याणीने ओट्यावर दोघांच्या पिशव्या शेजारी ठेवून भरल्या, तेव्हा तिच्यातली वस्तू आपल्यात... लग्न जुनं झालं की पिशव्यांनाही एकमेकींतला फरक कळेनासा होतो.

"सर, पॉडकास्ट चालू केलं की काय?" पलीकडच्या टेबलावरून पायल म्हणाली. दोन माणसांच्या या विभागातलं दुसरं माणूस म्हणजे पायल. लोणी काळभोरहून खराडीला येते आणि तरी रोज त्याच्या आधी पोचते. "माइकला लावतात ते. फू-फू आवाज येऊ नये म्हणून."

"भांडी घासायचा असेल."

"असेल. तुमच्याकडे भांडी रेकॉर्ड करत असतील."

माइक. घरात माइक नाही. म्हणजे माइक तिकडे, तिच्या ऑफिसात, आणि मग कामाच्या यादीतली ती ओळ... गेला आठवडाभर त्याने न सोडवता तशीच ठेवलेली ती ओळ.

त्याचं काम सांगायला सोपं आणि ऐकायला कंटाळवाणं, त्यामुळे घरी ते कुणी दुसऱ्यांदा विचारलेलं नाही. दुसऱ्यांच्या कंपन्यांतल्या कॉम्प्युटरवर काय काय बसवलंय याचा हिशेब ठेवायचा. शोधाशोध टूल करतं. पण टूल आणतं ते सगळं सुटंसुटं. चित्रांचा प्रोग्राम, फोटोंचा, पानं लावायचा, आवाजाचा—विकत घेताना हा एकच संच, परवाना एकच. टूलला दिसतात ते एकमेकांना न ओळखणारे चार प्रवासी. मग ते अंदाज बांधतं. एकाच कंपनीचे? एकाच दिवशी बसवलेले? मग एकाच घरचे. जिथे खात्री नाही तिथे पिवळा त्रिकोण लावून गप्प बसतं—हा गुण पुण्यात दुर्मीळ—आणि प्रत्येक त्रिकोणावर बुद्धभूषणने निकाल द्यायचा: संचातला, की सुटा. सुटा ठरला की वापरणाऱ्याला 'अ‍ॅसेट टीम'कडून आपोआप ईमेल जातो, हा प्रोग्राम तुम्हाला कशाला हवा? उत्तर पटलं नाही तर प्रोग्राम काढून टाकतात. पटलं की नाही हेही बुद्धभूषणनेच ठरवायचं.

मध्यंतरी एक नवं गिऱ्हाईक आलं, शाळेची पुस्तकं तयार करणारी कर्वेनगरची कंपनी, आणि तिच्या यादीत नाव निघालं: कल्याणी बी. ओव्हाळ. घरचं कुणी गिऱ्हाइकाकडे असेल तर साहेबांना कळवायचं, असा नियम आहे. तो कळवणार होता. तिलाही सांगणार होता, अगं, तुझा कॉम्प्युटर आता माझ्या यादीत... पण त्या दिवशी सोसायटीत टँकर आला नव्हता, बोलणं सगळं टँकरवर झालं. पुढे टँकर आला, तोपर्यंत न सांगणं आवडायला लागलं होतं.

तिच्या कॉम्प्युटरवर संच पहिल्यापासून आहे. ती पुस्तकांची पानं लावते, संचातलं बाकी काही कधी उघडत नाही. फक्त आवाजाचा प्रोग्राम दिवाळीनंतर आला, मागाहून, एकटा, म्हणून त्रिकोण. आणि तो रोज उघडतो. जेवणाच्या सुट्टीत. शिवाय ज्या दिवशी तो तिच्याकडे बसला त्याच दिवशी पुष्करच्या कॉम्प्युटरवरही बसला—पुष्कर म्हणजे तिच्या शेजारच्या टेबलावरचा, ज्याचं नाव घरी जेवताना भाजीबरोबर वाढलं जातं. पुष्करने आज शेंगोळी आणली होती. पुष्कर म्हणतो, माझ्या आवाजात खर्ज आहे... खर्ज! तेव्हा भाताचा घास तोंडात होता, म्हणून 'हं' म्हणून टाकलं.

एकाच दिवशी बसवलेले, एकाच घरचे. हा नियम टूलला त्यानेच शिकवला होता.

मी तसला नवरा नव्हे. बायकोचा फोन चाळणारे, पर्स हुंगणारे—त्यांची मला कीव येते. मी फक्त यादी बघतो, जी बघण्याचा मला पगार मिळतो. आणि यादीत आवाज ऐकू येत नाही, फाइली दिसत नाहीत. प्रोग्राम आहे आणि शेवटचा कधी उघडला, एवढंच... मला तिचा आवाज येतो तो स्वयंपाकघरातून, सूचनांच्या रूपात. गॅस बारीक करा. गच्चीवरचे कपडे. विश्रांतवाडीला आईंना फोन केलात का? त्यात खर्ज कुठे असतो? की असतो, आणि बावीस वर्षं मी नुसता गॅस बारीक करत बसलो?

त्याने पुष्करची ओळ उघडली. बसवला त्या दिवशी एकदा उघडलेला. नंतर कधीच नाही.

म्हणजे त्याने फक्त बसवून दाखवला होता. शेजारधर्म. हायसं वाटायला हवं होतं, आणि बुद्धभूषण थोडा वेळ हायसं वाटण्याची वाट बघत बसला. आलं नाही. पुष्कर असता तर बरं झालं असतं: पुष्करला टक्कल आहे, पुष्करला नावं ठेवता आली असती, उद्या शेंगोळी खारट निघाली असती. पण ही तर एकटी. डबा संपवून, दार लावून, काळा स्पंज चढवलेल्या कशाशी तरी रोज बोलते. आणि घरी येताना तिचं बोलून झालेलं असतं.

आज स्पंज इथे आहे. आज तिथे फू-फू होत असेल. या विचाराने त्याला जे बरं वाटलं त्याची त्याला लगेच लाजही वाटली, पण आधी बरं वाटलं.

"सर, त्या कर्वेनगरवाल्यांचा एकच त्रिकोण राहिलाय," पायल खुर्ची सरकवत आली. "हा तर बंडलमधलाच आहे ना? त्यांच्या लायसन्समध्ये साउंडवाला आहे की."

"तारीख वेगळी आहे."

"मग काय झालं? लग्नाच्या तारखेला जन्मलं नाही म्हणून पोर घरचं नाही होय?" तिने स्क्रीनकडे पाहिलं. "तुमच्याच आडनावाच्या आहेत."

"पुण्यात ओव्हाळ पुष्कळ आहेत."

"बी. ओव्हाळसुद्धा?"

पायलचं बरोबर होतं. कुठल्याही नवशिक्याने 'संचातला' म्हटलं असतं, आणि मग ती ओळ कायमची मिटली असती, पुन्हा कुणी तिला काही विचारलं नसतं. माणसाच्या हातून चुका होतात. बुद्धभूषणच्या हातून या कामात होत नसत, त्याचा त्याला अभिमान होता. पायल चहाला गेल्यावर त्याने 'सुटा' दाबलं.

संध्याकाळी, वारज्याला, ती गवार निवडत होती आणि तो ओट्याला टेकून उभा होता—स्पंज खिशात, तिच्या पिशवीत गुपचूप परत टाकायचा म्हणून—तेव्हा तिचा फोन वाजला. तिने ओला हात गाऊनला पुसला.

"अहो, हे अ‍ॅसेट टीम म्हणजे काय असतं?"

"असतात कुणीतरी. का?"

"माझ्याकडचा एक प्रोग्राम मला कशासाठी लागतो म्हणून विचारलंय. सविस्तर कळवावे." ती हसली. "इंग्रजीत आहे, पण किती अदबीने विचारलंय! इतक्या वर्षांत मला सविस्तर कुणी विचारलं नव्हतं."

"ऑफिसच्या कामासाठी, असं लिही. तेवढं पुरतं त्यांना."

"तुम्हाला काय ठाऊक काय पुरतं ते?"

"सगळीकडे तसंच असतं."

"ऑफिसच्या कामासाठी नाहीच आहे मुळी," ती म्हणाली, आणि तो पुढे विचारील म्हणून की काय, क्षणभर थांबली. त्याच्या तोंडात प्रश्न होता. दुपारपासून होता. पण आता विचारायचा म्हणजे ईमेलमधून तो आधी कुणी विचारला ते सांगावं लागणार... "गॅस बारीक करा," ती म्हणाली आणि लिहायला लागली.

त्याने गॅस बारीक केला.

दोन्ही अंगठ्यांनी लिहीत होती. थांबली, छताकडे पाहिलं, एक वाक्य खोडलं, पुन्हा लिहिलं, स्वतःशीच हसली, मग हसू जाऊन चेहरा असा झाला की तो त्याने पूर्वी कधीतरी पाहिला होता, एस.टी. स्टँडवर, लग्नाआधी... गवार तशीच पडली होती. कोण आहे हा, ज्याच्यासाठी ही वाक्यं खोडून पुन्हा लिहिते? चेहरा नाही, आवाज नाही, एकदा सभ्यपणे विचारलं काय आणि बाई एवढी उघडी होते? त्याला त्या माणसाचा मनापासून राग आला. असल्या माणसांचा भरवसा नसतो. यादी बघत असतात दिवसभर.

"पाठवलं," ती म्हणाली आणि गवार जवळ ओढली.

त्याच्या खिशातला फोन थरथरला.

उद्या तो अ‍ॅसेट टीमवाला वाचील ते, खराडीत, माझ्याच खुर्चीत बसून. त्याच्या आधी पायल वाचील, ती लवकर येते. मग तो ठरवील, पटलं की नाही. मी मात्र इथेच, ओट्यापाशी. त्या सविस्तर मजकुरात मी आहे तो बहुधा शेवटी, तिच्या सहीत—एक अक्षर आणि एक टिंब. खिशात हात घातला तर फोनच्या आधी स्पंज लागला. तो दाबला, धरून ठेवला, फुगू दिला नाही.

"काय लिहिलंस एवढं?" असं म्हणायला मी तोंड उघडलं असावं, कारण तिने मान वर केली होती आणि ती वाट बघत होती.